गच्चीवर ८ व्हॉल्व, त्यातला आमचा कुठला?

कोथरूडकर८८
मंडळी जरा अर्जंट आहे. बाथरूममधल्या कन्सील्ड कॉकच्या (भिंतीच्या आत बसवलेला असतो तो) दांडीतून पाणी गळतंय, आधी थेंब थेंब होतं आता बारीक धारच लागलीये आणि पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आलीये. प्लंबर रविवारी सकाळी येतो म्हणालाय पण फोनवरच दम दिला की आधी लाइन बंद करून ठेवा, मी आल्यावर शोधाशोध करणार नाही. आमची बिल्डिंग नव्वदच्या दशकातली, ४ मजली, आम्ही दुसऱ्यावर. गच्चीवर टाकीपाशी ८ व्हॉल्व आहेत, एकावर नाव नंबर असेल तर शपथ. चेअरमन म्हणतात जुन्या प्लंबरला माहीत होतं, तो गावी गेला. घरात माळ्यावर एक पितळी चक्रीवाला व्हॉल्व सापडला पण तो जाम, हलतच नाही. काय करू?

पेठेतला_बाब्या
गुरुवारी बोलवा की त्याला, पाणी बंद असतं तेव्हा. विषय संपला.

गच्चीवरचा_काका
बाब्याशेठ, महापालिका गुरुवारी बंद ठेवते ते खालच्या टाकीत येणारं पाणी. वरची टाकी भरलेली असली की नळाला पाणी येतच राहणार, त्याचा काय उपयोग.
कोथरूडकर, दोन माणसं आणि फोन लागेल. एकाने गच्चीवर एकेक व्हॉल्व बंद करायचा, दुसऱ्याने बाथरूमचा नळ पूर्ण सोडून उभं राहायचं. व्हॉल्व बंद केल्यावर लगेच पुढच्याकडे जाऊ नका, पाइपात साठलेलं पाणी निघून जाईपर्यंत नळ वाहतो, २-३ मिनिटं धीर धरा. आणि फ्लश टँक भरतोय का तेही बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये लाइन फ्लॅटप्रमाणे नसते, डक्टप्रमाणे (पाइप उतरतात ती उभी मोकळी जागा) असते, म्हणजे तुमच्या बाथरूमची लाइन बंद केली की वरच्या-खालच्यांचं बाथरूमही कोरडं. त्यामुळे आधी सांगून ठेवा नाहीतर कोणीतरी डोक्याला साबण लावून तुमच्या नावाने शंख करेल. सापडला की तिथेच ऑइल पेंटने लिहून टाका, मार्करचं लिहिलेलं एका पावसाळ्यात जातं.

वारजे_ताई
सोलर आहे का हो तुमच्याकडे? कारण सोलरची गरम पाण्याची लाइन वरून वेगळीच उतरते. गार बंद केलं म्हणून कॉक खोलला आणि गरमाची धार अंगावर, असं आमच्या शेजारी झालंय. मिक्सर (गार-गरम एकत्र येणारा नळ) असेल तर दोन्ही बंद हवेत. स्वयंपाकघरात कॉर्पोरेशनचा डायरेक्ट नळ असेल तर तोही वेगळा, पण तुमच्या कामाला त्याचा संबंध नाही, उलट तेवढ्या वेळ प्यायला पाणी राहील. आणि गीझरचं बटण आधी बंद करा, पाणी पूर्ण चालू होऊन गरम नळातून नीट धार येईपर्यंत लावू नका. टाकी रिकामी राहिली तर कॉइल जळते.

पाना_पक्कड
माळ्यावरच्या चक्रीला पाना लावून जोर काढू नका ही हात जोडून विनंती. आपल्याकडे बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने आत क्षार बसतात, जोर लावला की दांडी तुटते नाहीतर आतली पाती सुटून खाली पडते, मग तो उघडतही नाही आणि बंदही होत नाही. गंजावरचा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, मग हाताने थोडं इकडे थोडं तिकडे असं हलवत जा. दांडीपाशी पाझरायला लागलं तर तिथला नट किंचित आवळा, किंचितच. माझं मत विचाराल तर वरून लाइन बंद होणारच आहे तर त्याच खेपेत तो काढून बॉल व्हॉल्व टाकून घ्या, पाव फेऱ्यात बंद होतो, दांडा पाइपाला आडवा म्हणजे बंद, समांतर म्हणजे चालू, घरातल्या कोणालाही कळतं. काम झाल्यावर वरचा व्हॉल्व हळू उघडा, एकदम उघडला तर हवा आणि कचरा धाडकन येतो. नळांच्या जाळ्या काढून आधी गढूळ पाणी जाऊ द्या.

कोथरूडकर८८
धन्यवाद सगळ्यांना. सोलर आहे आमच्याकडे आणि ते माझ्या डोक्यातच नव्हतं. आज भावाला गच्चीवर चढवलं, गाराचा सापडला, डावीकडून तिसरा, गरमाचा सोलरच्या टाकीजवळ निघाला. माळ्यावर स्प्रे मारलाय. आता अडचण वेगळीच, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे रविवारी सकाळी सत्यनारायण आहे, पाणी बंद करायचं नाही म्हणाल्या.

वारजे_ताई
मग प्लंबरला दुपारी ४ नंतर बोलवा. तोवर गळणाऱ्या दांडीला फडकं बांधून त्याचं टोक बादलीत सोडा, भिंत तरी वाचेल.

पेठेतला_बाब्या
आणि त्याला प्रसाद द्या, पैसे कमी घेईल.