झोपाळा आणि घसरगुंडीखाली काय टाकावं: वाळू, लाकडाच्या ढलप्या की रबर टाइल?

पारंबी:
मोकळ्या जागेत दोन बैठकांचा लोखंडी झोपाळा आणि शेजारी घसरगुंडी उभी आहे. झोपाळ्याच्या कड्या जमिनीपासून २.४ मीटरवर, बैठक ४५ सेंमीवर, आडवा दांडा ३ मीटर लांब. घसरगुंडीचा वरचा ओटा १.५ मीटरवर आणि खालचं टोक जमिनीपासून ३० सेंमी वर. खांब काँक्रीटमध्ये रोवलेले, काँक्रीटचा माथा जमिनीच्या पातळीला. खाली टणक माती, मधेमधे विरळ गवत. खेळणारी मुलं ३ ते १० वर्षांची. वाळू, ढलप्या, रबर टाइल आणि कृत्रिम हिरवळ असे चार पर्याय आहेत. काय निवडावं, किती जाड आणि कुठवर पसरावं?

ओळंबा:
आधी पडण्याची उंची काढा, मग वस्तू निवडा. झोपाळ्यासाठी ही उंची म्हणजे कडीपासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर. बैठक ४५ सेंमीवर आहे म्हणून उंची कमी धरू नका, कारण उंच झोक्यावर असलेलं मूल बैठकीच्या नेहमीच्या पातळीच्या खूप वरून सुटतं. घसरगुंडीसाठी ओट्याची उंची धरायची.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेतला तक्ता इथे फार उपयोगी आहे. दबून बसल्यावर ९ इंच, म्हणजे साधारण २२.५ सेंमी थर उरला तर वाळू ४ फुटांपर्यंत, बारीक गोल गोटे ५ फुटांपर्यंत, लाकडाचा मल्च (लाकूड-सालीचा चुरा) ७ फुटांपर्यंत आणि ढलप्या १० फुटांपर्यंतच्या पडण्याला चालतात. रबराचा चुरा ६ इंचांतच १० फुटांपर्यंत चालतो. तुमचा झोपाळा ८ फुटांचा आहे. म्हणजे वाळू, गोटे आणि मल्च त्याच्याखाली बाद. ढलप्या घ्या.

युरोपच्या मानकात वाळूला बऱ्याच जास्त उंचीपर्यंत मान्यता आहे, त्यामुळे कुणी तुम्हाला ‘३० सेंमी वाळू पुरते’ असं सांगेल. ती मान्यता ठरावीक दाण्याच्या स्वच्छ वाळूला आहे. बांधकामाच्या वाळूत गाळ असतो. ती ओली होऊन वाळली की थापल्यासारखी घट्ट बसते. मूठभर ओली वाळू दाबून गोळा करा आणि तो सुकू द्या. गोळा फुटला नाही तर ती वाळू खेळाच्या जागेत नको.

सध्याची माती आणि विरळ गवत यांना संरक्षण समजू नका. पायांनी तुडवून टणक झालेली जमीन पडणाऱ्या डोक्याला कोब्याहून फारशी दयाळू नसते.

खडीवाळू:
ढलप्यांशी सहमत. पसारा असा मोजा: कडीच्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तितकंच मागे, म्हणजे ४.८ अधिक ४.८, एकूण ९.६ मीटर. दोन्ही बाजूंना खांबांपासून १.८ मीटर, म्हणजे रुंदी ६.६ मीटर. क्षेत्र सुमारे ६३ चौरस मीटर. ढलप्या बसून किमान एक चतुर्थांश कमी होतात, म्हणून २२.५ सेंमी उरायला सुरुवातीला ३० सेंमी भरा. एकट्या झोपाळ्याला १९ घनमीटर लागतील. घसरगुंडीभोवती सगळीकडून १.८ मीटर, ते वेगळं. झोपाळ्याच्या पुढचा-मागचा पट्टा मात्र घसरगुंडीच्या पट्ट्यावर चढू देऊ नका.

कृती सोपी आहे. ३७.५ सेंमी खणा आणि तळाला एका बाजूला हलका उतार द्या. त्यावर ७.५ सेंमी खडी, मग पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड (जोडावर ३० सेंमी एकावर एक) आणि वर ढलप्या. कापड वगळलं तर खडी वर येते, ढलप्या खाली जातात आणि दोन पावसाळ्यांत नुसता चिखल उरतो. पाणी बाहेर काढायला चर हवाच, साचलं तर ढलप्या तरंगून कोपऱ्यात गोळा होतात.

ढलप्या ५ ते ३० मिमीच्या, सालीचा आणि पानांचा भाग कमी असलेल्या घ्या. जुन्या रंगवलेल्या किंवा रसायन मुरवलेल्या लाकडाच्या अजिबात नकोत, अशा काही लाकडांत आर्सेनिक असतं. कडेलाही क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) पाजलेले जुने रेल्वे स्लीपर लावू नका.

पातळी:
खणण्याबद्दल थांबा. काँक्रीटचा माथा आत्ता जमिनीच्या पातळीला आहे. भोवती ३७.५ सेंमी खणलं की पायाच उघडा पडतो. खांबाची पकड जाते आणि ढलप्या बसल्यावर काँक्रीटची धार मुलांच्या गुडघ्याला भिडते. पायाचा माथा खेळाच्या पृष्ठभागाच्या ४० सेंमी खाली हवा. वरचा भाग शंकूसारखा उतरता केला असेल तर २० सेंमी चालतो.

दुसरा मार्ग म्हणजे न खणता कडेला बांध घालून वर भरणं. त्यातही हिशेब बदलतो. २२.५ सेंमी भर पडल्यावर कडी २.१७ मीटरवर येते, बैठक २२.५ सेंमीवर. बैठक पृष्ठभागापासून किमान ३० सेंमी वर हवी, म्हणजे साखळी आखूड करावी लागेल. पट्टा मोजताना मात्र जुनी २.४ मीटरच धरा. घसरगुंडीचं टोक ३० वरून ७.५ सेंमीवर येईल, तर या उंचीच्या घसरगुंडीला ते साधारण १८ ते ३८ सेंमी हवं. इतक्या खालच्या टोकाशी मुलाचे पाय ढलप्यांत रुततात आणि ते तोंडावर पडतं. शिवाय लोखंडी खांब ओल्या ढलप्यांत गाडला की गंज नेमका त्या पट्ट्यात धरतो.

म्हणून घसरगुंडी आणि झोपाळा दोन्ही उपटून योग्य खोलीवर नव्याने रोवा, मगच थर घाला. काम वाढतं, पण नाहीतर एक चूक सुधारताना दुसरी तयार होते.

पारंबी:
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. मग पुन्हा रोवण्याऐवजी मातीवर कोबा करून रबर टाइल बसवली तर? २५ मिमीच्या सहज मिळतात. आणि कृत्रिम हिरवळ?

ओळंबा:
२५ मिमी नको. ती टाइल व्यायामशाळेत वजनं आपटायला असते. झोपाळ्याखाली कोब्यावर ती लावणं म्हणजे डोक्याखाली चादर अंथरणं. टाइलच्या जाडीपेक्षा तिच्या चाचणीचा दाखला पाहा. ‘क्रिटिकल फॉल हाइट’ (जितक्या उंचीवरून पडणं टाइल झेलते ती मर्यादा) किमान २.४ मीटर लिहिलेली हवी, आणि चाचणीत जी-मॅक्स (डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचा कमाल जोर) २०० आणि एचआयसी (डोक्याच्या इजेचा निर्देशांक) १००० च्या आत. त्याच जाडीची, त्याच पायावर बसवलेली टाइल तपासली होती का, हे विचारा. दाखला ५० मिमीचा आणि माल ४० चा, असं चालत नाही. या मर्यादा डोक्याच्या जीवघेण्या इजेसाठी आहेत. हात मोडणं त्यानेही थांबतंच असं नाही.

टाइलचा त्रास कोपऱ्यांचा. ऊन-थंडीने फुगते-आकसते, कोपरा उचलतो आणि तिथेच मूल अडखळतं. कोबा ओला असताना गोंद लावला तर जागा आणखी लवकर सुटते. गडद रबर भर उन्हात इतकं तापतं की अनवाणी लहान पावलांना भाजतं. फिकट रंग घ्या आणि वर सावलीची सोय करा.

कृत्रिम हिरवळ नुसती कोब्यावर किंवा मातीवर घातली तर दिसायला छान, संरक्षण जवळपास काहीच नाही. खाली धक्का शोषणारा पॅड आणि या सगळ्या जोडणीचा एकत्र दाखला असेल तरच विचार करा.

पातळी:
एक गोष्ट ढलप्यांवाल्यांसाठी. खांबावर पूर्ण भरण्याच्या पातळीला एक रेघ आणि २२.५ सेंमी थर उरतो तिथे दुसरी रेघ रंगवून ठेवा. झोपाळ्याच्या बैठकीखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी खड्डा सगळ्यात आधी पडतो, कारण मुलं तिथेच पाय घासतात. तिथे रोज दाताळ्याने ढलप्या ओढून घ्या, आणि झोपाळ्याखाली जमिनीला घट्ट बसवलेली रबरी मॅट घाला म्हणजे खड्डा कमी होतो. खालची रेघ उघडी पडलेली दिसली तर भर घालेपर्यंत झोपाळा बांधून ठेवा. ढलप्या काळ्या पडून हाताने चुरल्या जायला लागल्या की वर नव्या टाकत बसू नका, तो थर काढून बदला.