क्लोझापिनला इतकं घाबरू नका

एकांनी लिहिलंय की डॉक्टरांनी भावासाठी क्लोझापिन (स्किझोफ्रेनिया या भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारावरचं औषध) सुचवलं, पण 'रक्तावर परिणाम होतो' हे वाचून घरच्यांनी नकार दिला. भीती निराधार नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि अनेक देशांत ते मागे घेतलं गेलं.

मग ते परत का आलं? कारण १९८८ च्या अमेरिकन अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्के सहा आठवड्यांत सुधारले. क्लोरप्रोमझिन या जुन्या औषधावर फक्त ४ टक्के. पेशी घटण्याचा गंभीर प्रकार शंभरात एकालाही होत नाही. म्हणून तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही कानात ऐकू येणारे भासाचे आवाज थांबत नसतील तर तिसरं, चौथं करत वर्षं घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

माझ्या मते रोजची काळजी दुसरीकडे हवी. वजन आणि साखर वाढते, झोपेत लाळ गळते. बद्धकोष्ठ तर चेष्टेवारी नेऊ नका, त्यातून आतडं बंद पडून जीव गेल्याच्या नोंदी आहेत. भाऊ सिगारेट ओढत असेल आणि अचानक सोडली तर रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. (सोडावी जरूर!) आणि गोळ्या दोन दिवसांहून जास्त चुकल्या तर आपल्या मनाने जुना डोस सुरू करायचा नाही; तो पुन्हा कमीपासून चढवावा लागतो.