मोकळीक द्या, पण नोंदवही ठेवा

इंग्रजीच्या तासाला काय आणि कसं शिकायचं हे मुलांनाच ठरवू द्यावं, असं म्हटलं की "आठवी-नववीच्या पोरांना मोकळं सोडलं तर नुसता गोंधळ होईल," अशी शंका येते, आणि ती रास्त आहे. पण मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. डेन्मार्कमध्ये लेनी डॅम या शिक्षिकेने १९७०च्या दशकातच हा प्रयोग साध्या सरकारी शाळेत, हुशार-कच्ची सगळी मुलं एकत्र असलेल्या वर्गात केला. तिथे सगळा खेळ वहीवर चालायचा. तारीख, आज मी काय करणार, कुणाबरोबर, घरी काय करीन आणि शेवटी ते कसं झालं, हे मूल स्वतः लिहायचं, तेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत. कुणी चित्रांवरून गोष्ट रचायचं, कुणी शब्दांचे पत्ते बनवायचं, कुणी गोष्टीचं पुस्तक वाचायचं. बाई इंग्रजीतच बोलायच्या आणि वह्या वाचून त्यात उत्तरं लिहायच्या. म्हणजे बाईंचं काम कमी झालं नाही, उलट वाढलंच!

माझ्या मते या सगळ्यात 'कसं झालं' हा रकाना सर्वांत मोलाचा. सुरुवातीला मुलं 'छान झालं' एवढंच खरडतात. तिथे "छान म्हणजे काय? उद्या वेगळं काय करशील?" असं विचारत राहावं लागतं.

आपल्याकडे दहावीला ८० गुणांची लेखी परीक्षा मानेवर बसलेली असते, तेव्हा सगळे तास असे देणं अवघडच. पण उरलेले २० गुण शाळेच्या हातात असतात. आठवीपासून आठवड्याचे दोन तास या वहीला दिले, तर ते गुण निदान खिरापतीसारखे वाटावे लागणार नाहीत. साठ-सत्तरच्या वर्गात मात्र रोज एका रांगेच्याच वह्या तपासा.