अनुभव धागा: नोकरी-व्यवसाय सांभाळून दीर्घ पल्ल्याचे खेळ

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून गंगापूर रोडवरच्या पहाटेच्या सायकली आपल्या नजरेत भरू लागल्या. दुकान, दवाखाना, कार्यालय सांभाळून या वाटेला गेलेल्यांनी येथे लिहावे. पदकांचे फोटो पुष्कळ पाहून झाले. शेवटच्या तासांत शरीराचे काय होते, ते वाचायला आवडेल.

सातपूर, कारखान्यात पर्यवेक्षक

मी ब्रेव्हेपासून, म्हणजे ठरलेले लांब अंतर ठरलेल्या वेळेत कापायच्या सायकलफेरीपासून, सुरुवात केली. यात क्रमांक नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत संपवायचे असतात, आणि एका हंगामात चारही पूर्ण करणारा ‘सुपर रँडोनर’ ठरतो. ताशी पंधराचा वेग कागदावर किरकोळ वाटतो. परंतु पंक्चर, जेवण, कार्डावरचा शिक्का आणि डुलकी हे सारे त्याच वेळेतून वजा होते, शिवाय दोन कंट्रोलच्या, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणांच्या, मध्ये घरच्यांची गाडी मदतीला येऊ शकत नाही.

धुळ्याकडून परतताना चांदवडच्या अलीकडे राहुड घाट लागतो. चढ फार नाही, पण मध्यरात्र उलटून गेल्यावर मागून येणाऱ्या कंटेनरच्या दिव्यांत आपलीच सावली पुढे लांबत जाते आणि कंटेनर बाजूने निघून गेला की एकदम नाहीशी होते. झोपेने जड झालेल्या मेंदूला ती सावली म्हणजे पुढे गेलेला सायकलस्वार वाटू लागते. असे झाले की मी ढाब्यावरच्या बाजेवर वीस मिनिटांचा गजर लावून सरळ आडवा होतो. चहापेक्षा हा उपाय खात्रीचा आहे.

खाण्याचे गणितही असेच आहे. जोरदार श्रमात स्नायूंतील आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठा दीड-दोन तासांत ओसरू लागतो, म्हणून भुकेची वाट न पाहता सतत थोडेथोडे खावे लागते. महागडी जेलची पाकिटे दहाव्या तासाला घशाखाली उतरत नाहीत; तूप-गूळ लावलेली पोळीची गुंडाळी आणि शेंगदाण्याची चिक्की मात्र उतरते.

पंचवटी, शिक्षिका

मी पंचेचाळिशीनंतर धावू लागले आणि सध्या दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स या धावण्याच्या शर्यतीचे, म्हणजे बारा तासांत सुमारे ९० किलोमीटरचे, स्वप्न बाळगून त्र्यंबक रस्त्यावर सराव करते. ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला प्रत्येक जण देतो. तो अर्धाच खरा आहे. तासन्‌तास धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेले, तर रक्तातील सोडियम घटते, मळमळ होते, डोके दुखते, माणूस गोंधळतो आणि प्रकरण जिवावरही बेतू शकते. म्हणून मी धावण्याआधी व नंतर वजन करते; नंतरचे वजन वाढलेले दिसले, तर पिणे जास्त झाले, हे उघड आहे. आमच्या सासूबाई वही घेऊन काट्याजवळ बसतात आणि आकडा चढलेला दिसला की शाळेतल्या बाईंसारखा जाब विचारतात.

इंदिरानगर, औषधविक्रेता

हाफ आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. मला सर्वांत जड पोहणेच गेले. तरणतलावात तळाशी रेघ असते. समुद्रात मात्र दर काही हातांनंतर मान वर काढून तरंगता बोया शोधावा लागतो, अन्यथा अंतर वाढतच जाते.

नाशिकरोड, गृहिणी

मी सायकल चालवत नाही, आमचे यजमान चालवतात. हंगामात शनिवारी पाहुणे बोलवायचे नाहीत, रविवारच्या लग्नांना मी एकटीने जायचे, हे आता अंगवळणी पडले आहे. माझी अट एकच आहे: रात्रभर सायकल चालवून आल्यावर स्वतः मोटार चालवत घरी यायचे नाही, मुलगा आणायला जातो. सातपूरच्या सदस्यांना एक विनंती आहे. ढाब्यावर आडवे होण्यापूर्वी घरी तसा निरोप टाकत जावा, कारण सायकलस्वाराची जागा दाखवणारा नकाशावरचा ठिपका महामार्गावर एकाच जागी थांबलेला दिसला, की इकडे आम्ही जागे असतो.