साठीनंतर गोल्फच्या आयर्नसाठी ग्राफाइट शाफ्ट: वजन किती आणि फ्लेक्स कोणता घ्यावा?

नमस्कार. माझे वय ६६ असून मी पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर नियमित गोल्फ खेळतो. हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) सध्या १८ आहे आणि तो वाढतच चालला आहे. आयर्नच्या (धातूच्या पातळ हेडच्या क्लबांच्या) शाफ्टबाबत, म्हणजे दांड्याचे वजन आणि फ्लेक्स (लवचिकपणा) याबाबत, जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझा सेट मिझुनोचा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला), चार नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (जवळच्या फटक्यांच्या क्लबपर्यंत) असून त्यात ट्रू टेंपरचे डायनॅमिक गोल्ड एस३०० हे स्टीलचे शाफ्ट आहेत. हा शाफ्ट कापण्यापूर्वी सुमारे १३० ग्रॅम भरतो. पन्नाशीत तो कधी जड वाटला नाही. आता मात्र पहिले नऊ होल बरे जातात आणि बाराव्या-तेराव्या होलपासून क्लबचे हेड मागे राहू लागते, फेस (चेंडूला लागणारी बाजू) उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे निसटतो. नुकतेच सिम्युलेटरवर मोजून घेतले तेव्हा सात नंबरने क्लबहेडचा वेग ताशी ७० मैल, कॅरी (चेंडूचे हवेतले अंतर) ११८ यार्ड आणि चेंडू उतरण्याचा कोन ४० अंशांच्या आसपास आला. फटके मोजणारी रडार यंत्रे बनवणाऱ्या ट्रॅकमॅनने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत एलपीजीए या व्यावसायिक टूरवरील महिला खेळाडूंची सात नंबरची सरासरी ताशी ७६ मैल, १४१ यार्ड आणि ४७ अंश अशी होती, यावरून मी कुठे आहे ते लक्षात येईल. अंतर घटल्याचे मला फारसे दुःख नाही. ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) नीट टाकलेला चेंडू थांबत नाही आणि मागच्या रफमध्ये (उंच गवतात) जातो, हे अधिक खुपते.

दुसरे कारण कोपराचे आहे. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ येते, विशेषतः पाण्याची बादली उचलताना. फिजिओथेरपिस्टने खेळ थांबवायला सांगितलेले नाही, पण मॅटवरचा (कृत्रिम गवतावरचा) सराव कमी करायला सांगितले आहे. एप्रिल-मेमध्ये फेअरवे (कोर्सवरचा कापलेल्या गवताचा पट्टा) इतका कडक होतो की तिथेही प्रत्येक फटक्याचा हादरा कोपरापर्यंत पोहोचतो.

एका मित्राचा सात नंबर मी रेंजवर मारून पाहिला. त्यात साधारण ६० ग्रॅमचा, सीनियर फ्लेक्सचा ग्राफाइट शाफ्ट होता. चेंडू उंच गेला, लांबही गेला आणि कोपराने तक्रार केली नाही. परंतु मधूनच एखादा फटका डावीकडे ओढला जाई आणि बॅकस्विंगच्या माथ्यावर हेड नक्की कुठे आहे, हेच हाताला कळत नव्हते. त्याचे हेडही वेगळ्या बनावटीचे असल्यामुळे यातला किती भाग शाफ्टचा आणि किती हेडचा, हे मला ठरवता आलेले नाही.

तेव्हा १३० ग्रॅमवरून एकदम ६० वर यावे की ८०-९० ग्रॅमच्या आसपास थांबावे? माझ्या वेगाला रेग्युलर फ्लेक्स योग्य की सीनियर? आणि जुन्या हेडमध्ये नवे शाफ्ट बसवण्यात अर्थ आहे, की त्या पैशांत नवा सेटच घ्यावा? ग्राफाइट म्हणजे म्हाताऱ्यांचा शाफ्ट, हे क्लबात ऐकून झाले आहे. अमेरिकी व्यावसायिक खेळाडू ब्रायसन डिशॅम्बोने २०२० ची यूएस ओपन जिंकली तेव्हा त्याच्या आयर्नमध्येही ग्राफाइटच होते, त्यामुळे त्या मुद्द्यावर कोणी वेळ घालवू नये, ही विनंती.

प्रतिसाद:

नमस्कार काका. मी हौसेखातर घरीच शाफ्ट बदलतो, त्या अनुभवावरून लिहितो.

फ्लेक्सचे अक्षर तूर्त बाजूला ठेवा, कारण त्याला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही; एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या सीनियरइतका मऊ निघू शकतो. यूएसटी मामियाच्या रिकॉइलवर तर अक्षरांऐवजी एफ२, एफ३, एफ४ असे लिहिलेले असते आणि ते अनुक्रमे सीनियर, रेग्युलर आणि स्टिफ समजायचे. आधी वजन ठरवा. तुम्ही इतकी वर्षे जड शाफ्टने खेळलात, म्हणजे वरून खाली येताना हात कधी वळवायचे याचा अंदाज त्या वजनावर बसलेला आहे. वजन एकदम निम्म्यावर आणले की हात लवकर फिरतात आणि चेंडू डावीकडे ओढला जातो. मित्राच्या क्लबने झाले त्यात हा भाग मोठा असावा, असे मला वाटते. तुमचा स्विंग संथ, सलग असेल तर ७० ग्रॅमपर्यंत उतरायला हरकत नाही. पण खाली येताना झटका असेल, आणि जुने एस३०० वाले बहुतेक जण तसेच असतात, तर ८० ग्रॅमच्या आसपास थांबा. एरोटेकच्या स्टीलफायबरमधला आय८० याच वजनात येतो. त्यात ग्राफाइटच्या गाभ्यावर पोलादाच्या अतिशय बारीक तंतूंचा थर असल्यामुळे स्टीलवरून येणाऱ्याला तो परका वाटत नाही.

आता स्विंग वेट, म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड जाणवते त्याचे माप; ते सी८, सी९, डी०, डी१ असे चढत जाते. शाफ्टमध्ये साधारण ९ ग्रॅम कमी झाले की स्विंग वेट एका अंकाने उतरते, म्हणजे ५० ग्रॅमच्या फरकाने डी२ चा क्लब थेट सी६-सी७ वर येतो आणि हेड पिसासारखे वाटते. हेडमध्ये दर २ ग्रॅमला एक अंक परत मिळतो. परंतु सगळी भरपाई होझलमध्ये (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिच्यात) वजन कोंबून केली तर हेडचा गुरुत्वमध्य टाचेकडे सरकतो. त्यामुळे अर्धा इंच लांबी वाढवून सुमारे तीन अंक मिळवावेत, उरलेले थोडे टिप वेटने (शाफ्टच्या खालच्या टोकात घालायच्या वजनाने) भरावेत आणि डी० वर समाधान मानावे. लांबी वाढली की क्लब जमिनीवर अधिक उभा पडतो आणि चेंडू पुन्हा डावीकडे जाऊ लागतो, म्हणून लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) तपासून घ्यायलाच हवा. तुमची हेड फोर्ज्ड असल्यामुळे ती वाकवून घेता येतात.

ऑर्डर देण्यापूर्वी होझल नक्की पाहा. मिझुनोच्या फोर्ज्ड सेटला सहसा ०.३५५ इंचाचा निमुळता टिप लागतो, ०.३७० चा सरळ टिप त्यात बसत नाही. बसवणाऱ्याला होझलच्या तोंडाची आतली धार थोडी उतरवायला सांगा, कारण ती तीक्ष्ण राहिली तर ग्राफाइट नेमका तिथेच तुटतो. जुना स्टील शाफ्ट गरम करून, पिळून काढता येतो. ग्राफाइट मात्र न पिळता, यंत्राने सरळ ओढूनच काढावा लागतो आणि जास्त उष्णतेने तो वायाही जातो. निवड चुकली तर महागात पडते ती अशी. म्हणून पूर्ण सेट न करता आधी फक्त सात नंबर बदला आणि तो मॅटवर नव्हे, गवतावर खेळा. मॅटवर मागे पडलेला फटकाही घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि वाईट शाफ्ट चांगला वाटतो.

शाफ्टकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही सांगतो. हलक्या शाफ्टने वेग ताशी एक-दोन मैलांनी वाढला तरी खूप झाले; खरा फायदा कोपराला आणि शेवटच्या सहा होलना होईल. चेंडू थांबत नाही यामागे वेग आणि लॉफ्ट (फेस मागे कललेला असतो तो कोन) आहेत. तुमच्या सात नंबरचा लॉफ्ट किती आहे, ते लिहिलेले नाही. तो ३४ अंशांच्या आसपास असेल तर जुनी हेड ठेवा. नव्या गेम-इम्प्रूव्हमेंट (चुकलेले फटके सावरून घेणाऱ्या) सेटमध्ये सात नंबर २८ ते ३० अंशांचा असतो, त्याने चेंडू लांब जाईल, पण तुमच्या वेगाला तो ग्रीनवर थांबेलच असे नाही. चार आणि पाच नंबरला मात्र नवा शाफ्ट घालूच नका, त्यांच्या जागी हायब्रिड (लांब आयर्नपेक्षा मारायला सोपे क्लब) घ्या.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. लॉफ्ट ३४ अंशच आहे, म्हणजे नव्या सेटचा विचार सोडला. माझा स्विंग तुम्ही न पाहताच ओळखलात. खाली येताना झटका आहे. त्यामुळे सात नंबरसाठी ८० ग्रॅमचा रेग्युलर मागवतो. एकच विचारायचे राहिले: पिचिंग वेज आणि सँड वेजचे काय करावे?

प्रतिसाद:

पिचिंग वेज सेटबरोबरच बदला, नाहीतर नऊ नंबरनंतर वजनाची पायरी फार मोठी होईल. सँड वेजने बहुतेक वेळा अर्धाच स्विंग असतो आणि वाळूच्या बंकरमध्ये जड क्लब उपयोगी पडतो, त्यामुळे तो स्टीलमध्ये राहू द्या. त्यानेही कोपर दुखले तर ९५ किंवा ११० ग्रॅमचा ग्राफाइट मिळतो, तो घाला.