सोडा ॲशवरच्या स्लॅग सिमेंटला लवकर ताकद हवी? वाफ नको, चुना द्या

कळीचा_चुना
सोडा ॲशने (सोडियम कार्बोनेटने) सक्रिय केलेली स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली काचेसारखी मळी, दोन-तीन दिवस साच्यात ओलीच राहते, म्हणून तिला नाकारून सगळे वॉटरग्लासकडे (सोडियम सिलिकेटच्या द्रावणाकडे) वळतात. हा निवाडा मला मान्य नाही. पीएच १३ च्या घरात गेला की स्लॅगची काच झपाट्याने विरघळते, पण सोडा ॲशचं द्रावण ११.५ च्या आसपास अडकतं. त्यात स्लॅगमधून सुटणारं कॅल्शियम आधी कार्बोनेटच पळवतं, त्याचं गेलुसाइट आणि कॅल्साइट ही कार्बोनेट खनिजं होतात. ताकद देणारं सी-ए-एस-एच (कॅल्शियम-ॲल्युमिनियम-सिलिकेट-हायड्रेट) जेल तोवर ताटकळत बसतं. मग चुना घालून कार्बोनेट आधीच बाजूला काढा ना!

हिशेब १०० किलो स्लॅगचा, सोडियम ऑक्साइड (क्षार मोजायचं माप) स्लॅगच्या ४ टक्के धरून: सोडा ॲश ६.८४ किलो. ती पूर्ण कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) बदलायला विरलेला चुना ४.७७ किलो. मी निम्माच, म्हणजे २.४ किलो घालायला सांगेन. त्यातून साधारण २.६ किलो कॉस्टिक मिश्रणातच तयार होतं. चुना स्लॅगमध्ये कोरडाच मिसळायचा आणि सोड्याचं द्रावण वरून ओतायचं. चुना आधी द्रावणात टाकला तर कॅल्साइटचा गाळ बादलीच्या तळाशी बसतो.

वाफारा
प्रीकास्टवाल्याला, म्हणजे कारखान्यात साच्यांत काँक्रीटचे तयार भाग ओतणाऱ्याला, रसायनशास्त्र नको, उद्या सकाळी रिकामा साचा हवा. ६० अंशांवर आठ तास वाफ द्या, तीच स्लॅग दुसऱ्या दिवशी साच्यातून निघते. चुन्याने पाण्याची मागणी वाढते आणि मिश्रण लवकर आखडतं, ते कोण निस्तरणार?

कळीचा_चुना
वाफ देण्याआधी सेटिंग सुरू झालेलं लागतं. ओल्या मालाला तापवलं की आतली हवा आणि पाणी फुगून पृष्ठभाग फाटतो. इथे तर सेटिंगच दिवसभर सुरू होत नाही, मग किती तास थांबणार? शिवाय उष्णतेने कणांभोवती दाट कवच पटकन बनतं, आतली स्लॅग कोंडली जाते, आणि २८ दिवसांची ताकद थंड क्युरिंगपेक्षा मागे पडू शकते. फार तर आधी चुन्याने सेट होऊ द्या, मग ताशी २० अंशांच्या आत चढवत वाफ द्या.

मोड्युलस_१
एवढा आटापिटा कशाला? वॉटरग्लास घ्या, ज्यात सोडियम ऑक्साइड ९ आणि सिलिका २८ टक्के आहे. १०० किलो स्लॅगला सोडियम ऑक्साइडची तीच ४ टक्के मात्रा आणि मोड्युलस (सिलिका आणि सोडियम ऑक्साइडचं वजनी गुणोत्तर) १ साठी वॉटरग्लास १४.३ किलो, कॉस्टिक ३.५ किलो. द्रावण आदल्या दिवशी करून थंड होऊ द्या. वॉटरग्लासमधलं ९ किलो पाणी एकूण पाण्यातून वजा करायला विसरू नका. नाहीतर माल पातळ होतो आणि दोष स्लॅगवर जातो. एका दिवसात भरपूर ताकद.

कळीचा_चुना
ताकद नाकारत नाही. पण तो माल अर्ध्या तासातच आखडू शकतो, पीसीई सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल प्रवाही करणारं रसायन) अशा क्षारात नीट चालत नाही, आणि सुकताना आकुंचन इतकं की पातळ स्लॅबवर भेगा पडतात. मोठ्या ओतकामाला हे परवडत नाही.

बारीक_दळण
तिघांनीही दळण सोडून दिलंय. स्लॅगचं ब्लेन (बारीकपणाचं माप, चौ.मी. प्रति किलो) ४०० वरून ५०० वर नेलं तर पृष्ठभाग २५ टक्क्यांनी वाढतो. स्लॅगमधला मॅग्नेशियाही (मॅग्नेशियम ऑक्साइड) तपासा: जास्त असेल तर हायड्रोटॅल्साइट हे थरांचं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम खनिज बनतं आणि ते कार्बोनेट ओढून घेतं. तोच धागा पुढे नेला तर सुमारे ५०० अंशांवर भाजलेलं हायड्रोटॅल्साइट ५ टक्के घालता येतं. पाणी लागताच ते आपली थरांची रचना परत उभी करतं, कार्बोनेट थरांत कोंडतं आणि हायड्रॉक्साइड मोकळं करतं. चुन्याहून महाग, पण आखडणं कमी.

कळीचा_चुना
हे पटलं, विशेषतः मॅग्नेशियाचं. थंडीत मात्र सोड्याकडेही लक्ष ठेवा. वरच्या हिशेबात ४० लिटर पाणी धरलं तर दर १०० ग्रॅम पाण्यात १७ ग्रॅम सोडा येतो. २० अंशांना तो पूर्ण विरघळतो. १० अंशांना विद्राव्यता १२ च्या आसपास येते, बाकीच्याचे स्फटिक पिंपाच्या तळाशी. म्हणजे साच्यात जेमतेम दोन-तृतीयांशच क्षार गेला, आणि चुना घालूनही क्यूब (ताकद तपासायचा ठोकळा) मऊ राहिला. द्रावणाचं पाणी कोमट ठेवा.