सोसायटीच्या टाकीत ब्लीचिंग मारलंय, फिश टँकचं पाणी कसं बदलू?

गोल्डी_ठाणे
नमस्कार मंडळी. घरी अडीच फुटी टँक आहे, १०० लिटरच्या आसपास, त्यात दोन गोल्डफिश आणि थोडे मॉली. दर रविवारी ३० टक्के पाणी बदलतो, एरवी बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी चालून जातं पण आता पाऊस सुरू झाल्यापासून नळाला स्विमिंग पूलसारखा वास येतोय आणि त्यात परवा सोसायटीने टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर मारली. दुकानदार म्हणतो निळं औषध टाका, क्लोरीन जातं. खरंय का? वन बीएचके आहे, मोठं पिंप भरून ठेवायला जागा नाही हेही सांगून ठेवतो.

मॉलीमावशी
निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, ते बुरशीसाठी आणि अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून असतं रे, क्लोरीनशी त्याचा काही संबंध नाही. उलट मेन टँकमध्ये टाकलंस तर फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात, सिलिकॉन निळं होतं ते वेगळंच. दुकानात "अँटी क्लोरीन" मागायचं, ती बाटली वेगळी असते. दुकानदार दोन्ही बाटल्या एकत्रच गळ्यात मारतात, त्याला काय इलाज.

पिंपवाला
आमच्याकडे वडिलांपासून मासे आहेत, कधी औषध टाकलं नाही. पाणी शिळं करायचं बस्स. २४ तास ठेवा, क्लोरीन आपोआप उडतो.

हायपोभाऊ
@पिंपवाला उडतो, पण कसं ठेवलंय त्यावर आहे. झाकण लावलेलं खोल पिंप असेल तर दुसऱ्या दिवशीही क्लोरीन राहू शकतो. पसरट टब घ्या, झाकण काढा, एअर स्टोन (हवेच्या पंपाच्या नळीला लावतात तो बुडबुडे सोडणारा दगड) सोडा आणि गॅलरीत ऊन येत असेल तर तिथे ठेवा, उन्हाने क्लोरीन लवकर तुटतो. पण पावसाळ्यात ऊन कुठलं 😄

@गोल्डी जागा नाही म्हणताय तर सरळ हायपो घ्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. खडीसाखरेसारखे पांढरे खडे असतात, मत्स्यालयाच्या दुकानात किंवा केमिकलवाल्याकडे सुटे मिळतात. बऱ्याच अँटी क्लोरीन बाटल्यांमध्ये हेच पाण्यात विरघळवून विकतात. हिशोब असा, १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो. १०० ग्रॅम खडे विरघळवून एकूण १ लिटर द्रावण केलं की त्याच्या १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम हायपो. २० लिटरच्या बादलीत २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) क्लोरीन धरला तर ३ मिली पुरतं. काम लगेच होतं, तरी ढवळून दोन-चार मिनिटं थांबा. थोडं जास्त पडलं तर माशांना काही होत नाही, पण म्हणून झाकणं भरभरून ओतू नका.

पिंपवाला
वास गेला की क्लोरीन गेला एवढं साधं आहे, उगाच केमिस्ट्री कशाला

हायपोभाऊ
नाकावर जाऊ नका हो. नळाला येणाऱ्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेला असावा असं भारतीय मानकच आहे, तेवढ्याचा वास बहुतेकांना येतही नाही आणि माशांच्या कल्ल्यांना त्याहून कमीसुद्धा त्रास देतो. स्विमिंग पूलवाले क्लोरीन तपासायला वापरतात ते ओटीओचे थेंब आणा. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, जितकं गडद तितका जास्त. टाकीत ब्लीचिंग पडलंय तिथे तर टेस्ट केल्याशिवाय ३ मिलीच्या हिशोबावर विसंबू नका, २ पीपीएमच्या पुष्कळ वर असू शकतं. खरं तर पहिले दोन-तीन दिवस पाणी बदलूच नका, खायला कमी घाला, टँक एक आठवडा ओढून नेतो.

बे_एरियाकर
इकडे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००४ पासून पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं) आहे, ते रात्रभर ठेवून जात नाही. हायपोने क्लोरीन जातो पण अमोनिया मागे उरतो, म्हणून अमोनिया बांधणारा कंडिशनर लागतो. बाहेरचे यूट्यूब व्हिडिओ बघून घाबरू नका एवढंच, तिकडे भारतात बहुतेक ठिकाणी क्लोरीन गॅस नाहीतर ब्लीचिंगच असतं.

गोल्डी_ठाणे
भारी माहिती, हायपो आणतो. घरच्या प्युरिफायरचं आरओ पाणी टाकलं तर? त्यात क्लोरीन नसणार ना?

मॉलीमावशी
क्लोरीन नसतो पण क्षारही जवळजवळ जातात, आणि मॉलीला तर जड, क्षारांचं पाणी लागतं. नुसतं आरओ नको. आणि एक विचारायचं राहिलं, फिल्टरचा स्पंज कुठे धुतोस? नळाखाली धुत असशील तर आधी ते बंद कर. टँकमधून काढलेल्या पाण्यात, बादलीतच पिळायचा. मासे पाणी बदलल्यावर लगेच नाही तर दोन-तीन दिवसांनी वर येऊन तोंड मारायला लागले ना, तर बऱ्याचदा स्पंजमधले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया मेल्याने अमोनिया वाढलेला असतो आणि लोक शिव्या क्लोरीनला देतात.

गोल्डी_ठाणे
बेसिनच्या नळाखालीच धुतो 🙈 ओटीओ उद्या आणतो, टाकीच्या पाण्याचा रंग काय येतो ते इथे टाकतो.